दोघांनाही स्टेंट, डायबेटिस एकालाच : मग आकडे वेगळे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील ६१ वर्षांचे, ११ वर्षांपासून डायबेटिस, आठ महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅक आणि एक स्टेंट. काका ५७, डायबेटिस नाही, दीड वर्षापूर्वी ॲटॅक आणि स्टेंट, तंबाखू अजून चालू. काकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६८ आलं. लॅबच्या कागदावर १०० च्या आत नॉर्मल छापलेलं, म्हणून त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिवसाआड केली. वडिलांचं ७६ आलं तर डॉक्टरांनी फाइलवर ‘५५ च्या खाली’ असं लिहून दिलं. आता घरात वाद असा की कडक नियम शुगरवाल्याला, काकांना कशाला एवढं?

सरळ उत्तर असं : एलडीएल, बीपी आणि तंबाखू या तीन बाबतीत दोघांचे नियम जवळपास एकच आहेत. ५५ चा आकडा वडिलांना शुगरमुळे लागलेला नाही, ॲटॅकमुळे लागलाय, आणि ॲटॅक काकांनाही आलाय. डायबेटिसमुळे खरा फरक पडतो तो दुसरीकडे : रिपोर्ट कसा वाचायचा, शुगरचं औषध कोणतं निवडायचं, आणि हृदयाला पुन्हा त्रास झाला तर तो माणसाला कितपत जाणवेल. शिवाय काकांना शुगर नाही हे तुम्ही गृहीत धरलंय. तुम्ही पाठवलेल्या कागदावर त्यांची उपाशीपोटी साखर १०८ आहे, त्याकडे पुढे येतो.

दोघांचाही इको, म्हणजे हृदयाचं पंपिंग किती आहे तो आकडा, तुमच्या प्रश्नात नाही. पंपिंग ४० टक्क्यांच्या खाली असेल तर औषधांचा क्रम बराच बदलतो आणि खालचं सगळं त्याला लागू करू नका. पंपिंग ठीक आहे असं धरून लिहितोय. गोळ्यांचे बदल अर्थातच त्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्यायचे. इथे कारणं सांगतो, म्हणजे तिथे काय विचारायचं ते कळेल.

फिनलंडमधला १९९८ चा एक अभ्यास डॉक्टरांच्या बोलण्यात नेहमी येतो. सात वर्षांत हार्ट ॲटॅक किती जणांना आला हे त्यात मोजलं होतं. डायबेटिस नाही आणि पूर्वी ॲटॅकही नाही अशांत ३.५ टक्के, डायबेटिस नाही पण ॲटॅक येऊन गेलेला अशांत १८.८, डायबेटिस आहे पण ॲटॅक नाही अशांत २०.२, आणि दोन्ही असलेल्यांत ४५ टक्के. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आज लावू नका. पण क्रम बघा. काका दुसऱ्या गटात आहेत, पहिल्या नव्हे. ‘शुगर नाही’ म्हणून ते निरोगी माणसाच्या रांगेत परत जात नाहीत. वडील चौथ्या गटात, म्हणून डॉक्टर त्यांच्या मागे लागतात.

याला दुसरी बाजूही आहे. स्वीडनमध्ये टाइप २ डायबेटिसच्या २ लाख ७१ हजार लोकांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. ज्यांची साखर, एलडीएल, बीपी, लघवीतलं प्रथिन आणि धूम्रपान ही पाचही अंगं मर्यादेत होती, त्यांचा हार्ट ॲटॅकचा किंवा मृत्यूचा धोका डायबेटिस नसलेल्या लोकांपेक्षा फारसा जास्त निघाला नाही. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग अपुरं पडण्याचा, धोका मात्र जास्तच राहिला. म्हणजे वडिलांचं नशीब ठरून गेलेलं नाही, पण पाचांपैकी एकच धरून बसलं, समजा फक्त साखर, तर हा फायदा मिळत नाही.

आता एलडीएल. लॅबच्या कागदावरची नॉर्मलची रेघ ज्यांना कधी काही झालेलं नाही त्यांच्यासाठी असते. स्टेंटने दोन-तीन सेंटिमीटरची एक जागा उघडली, पण चरबीचे थर तिन्ही मोठ्या धमन्यांत कमीजास्त असतातच. पुढचा ॲटॅक बरेचदा त्या दुसऱ्या, आज ३०–४० टक्के अडलेल्या जागी थर फुटून येतो. एलडीएल जितकं खाली तितका तो थर शांत आणि टणक राहतो. म्हणून ॲटॅक आलेल्या कुणालाही ५५ च्या खाली, आणि मूळ आकड्याच्या निम्म्याने तरी कमी, हे लक्ष्य. युरोपच्या २०१९ च्या आणि भारतीय कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शनात ५५ हाच आकडा आहे. डायबेटिससुद्धा सोबत असेल तर काही भारतीय तज्ज्ञ ५० किंवा त्याहून खाली जा म्हणतात. फरक इतकाच.

काकांचा हिशेब करून बघू. ६८ हा आकडा ॲटोरव्हास्टॅटिन (स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या जातीची गोळी) ४० मिग्रॅ रोज घेताना आलेला आहे. ही मात्रा एलडीएल साधारण निम्म्यावर आणते, म्हणजे गोळीशिवाय काका १३५ च्या घरात आहेत. गोळी दिवसाआड केली की आकडा ६८ वर थांबत नाही, पुन्हा वर सरकतो. दोन महिन्यांनी तपासलं तर दिसेल. ‘नॉर्मल आलं म्हणून गोळी कमी केली’ हे ओपीडीत रोज ऐकू येणारं वाक्य आहे. बीपीच्या गोळीबद्दलही लोक हेच करतात.

बरं, ६८ वरून ५५ च्या खाली कसं जायचं? इथे बरेच जण चुकतात. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल फक्त सहा टक्क्यांच्या आसपास आणखी उतरतं : ४० ची ८० केली तर ६८ चे ६४ होतील. त्याऐवजी ४० तशीच ठेवून एझेटिमाइब १० मिग्रॅ जोडली तर साधारण २० टक्के उतरतं : ६८ चे ५४. ही गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते, म्हणून तिचं आणि स्टॅटिनचं काम वेगवेगळं राहतं. ॲटॅकनंतरच्या १८ हजारांवर रुग्णांत ती स्टॅटिनला जोडून तपासली गेली (निकाल २०१५ चे) आणि त्यात डायबेटिस असलेल्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे वडिलांसाठी तर ती आणखीच विचारण्यासारखी. तरीही लक्ष्य हुकलं तर बेम्पेडोइक ॲसिड किंवा महिन्यातून दोनदा, नाहीतर सहा महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. ती महाग आहेत, आणि आधीच्या दोन गोळ्या खरोखर रोज घेऊन झाल्याशिवाय तिकडे वळण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट काकांच्या पाकिटावर आजच बघा. ॲटॅकनंतर बऱ्याच जणांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (ही दोन्ही रक्त पातळ करणारी) आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल मिळते. वर्षभराने क्लोपिडोग्रेल थांबवतात आणि दोन औषधांची कॅप्सूल देतात. अशा बऱ्याच एकत्रित कॅप्सूलमध्ये ॲटोरव्हास्टॅटिन १० किंवा २० मिग्रॅच असतं. रुग्णाला वाटतं गोळी तीच आहे; प्रत्यक्षात स्टॅटिन निम्मं किंवा पाव झालेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पाकिटाच्या मागे ‘७५/१०’ किंवा ‘७५/२०’ असे आकडे असतील तर दुसरा आकडा स्टॅटिनचा. केमिस्टने बदलून दिलेलं पाकीट तर आवर्जून वाचायचं.

स्टॅटिनने शुगर होते म्हणून काका घाबरत असतील तर त्यात थोडं तथ्य आहे. जुन्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा चार वर्षं स्टॅटिन घेणाऱ्या दर २५५ जणांमागे एका जास्तीच्या माणसाला डायबेटिस झालेली दिसली. बहुतेक अशांनाच, जे आधीच काठावर होते. ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाला त्या बदल्यात मिळणारं संरक्षण याच्या कितीतरी पट आहे. पाय दुखतात ही दुसरी तक्रार. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड सारखे दुखत असतील, जिना चढताना जड वाटत असतील, तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी), व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड तपासून घ्यावं. एकच गुडघा दुखत असेल तर स्टॅटिनचा संबंध नाही. मांसपेशींचा त्रास खरा निघाला तर दुसरं स्टॅटिन कमी मात्रेत आणि सोबत एझेटिमाइब असा मार्ग असतो. गोळी आपल्या मनाने बंद करून सहा महिन्यांनी डॉक्टरांना सांगायचं, हा मार्ग नव्हे.

आता वडिलांचा रिपोर्ट. तो मला काकांच्या रिपोर्टपेक्षा जास्त काळजीचा वाटतो आणि घरात कुणी त्याकडे नीट पाहिलेलं दिसत नाही. टोटल कोलेस्टेरॉल १६०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २६०, एलडीएल ७६. सगळ्यांची नजर ७६ वर. पण बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात : टोटलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. १६० – ३२ – ५२ = ७६. ट्रायग्लिसराइड वाढलेले असले की हे सूत्र एलडीएल खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवू लागतं, आणि ४०० च्या वर तर ते वापरूच नये. डायबेटिसमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएलचे कण लहान, पण संख्येने जास्त, असा नमुना नेहमीचा.

म्हणून वडिलांसाठी नॉन-एचडीएल बघा. त्याला वेगळी तपासणी लागत नाही; टोटलमधून एचडीएल वजा करा : १६० – ३२ = १२८. लक्ष्य ८५ च्या खाली. एलडीएलच्या आकड्यात २१ चं अंतर दिसत होतं, इथे ४३ चं दिसतं. काकांचं टोटल १३६, एचडीएल ४२, म्हणजे नॉन-एचडीएल ९४. त्यांचं अंतर नऊचंच. एलडीएलमध्ये आठचा फरक असलेल्या दोन माणसांत खरा फरक केवढा आहे ते इथे कळतं. शंका उरली तर अपोबी ही तपासणी असते. ती कणांची संख्या थेट सांगते.

ट्रायग्लिसराइड २६० पाहून लगेच ते उतरवणारी फेनोफायब्रेट गोळी मागू नका. स्टॅटिनवर ते जोडून डायबेटिसच्या रुग्णांत ॲटॅक कमी होतात का हे मोठ्या चाचणीत पाहिलं गेलं आणि एकूण गटात फायदा दिसला नाही. ५०० च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून त्याची गरज पडते. २६० ला आधी साखर नीट करायची, दारू असेल तर बंद, मैदा-साखर कमी आणि वजन दोन-चार किलो खाली. वडिलांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.१ आहे, ते सातच्या जवळ आलं की ट्रायग्लिसराइड बरेचदा आपोआप उतरतात.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या सगळ्या आकड्यांची तपासणी, पुन्हा कधी करायची? औषध बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी, मग स्थिर झाल्यावर सहा महिने ते वर्षाने. ॲटॅकच्या वेळी ॲडमिट असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेला आकडा धरू नका. ॲटॅकनंतर एलडीएल काही आठवडे खोटं खाली जातं. आणि दोघांचंही लिपोप्रोटीन(ए), म्हणजे एलडीएलसारखाच आणखी एक कण, एकदा तपासून घ्या. ते अनुवंशिक असतं, आयुष्यात एकदाच तपासावं लागतं, आणि सख्ख्या भावांना साठीच्या आसपास ॲटॅक आलेत म्हटल्यावर ५० मिग्रॅच्या वर निघालं तर तुम्ही आणि तुमच्या चुलत भावंडांनीही आपलं तपासायला हवं.

बीपीचं लक्ष्य दोघांना १३०/८० च्या खाली. काकांचं क्लिनिकमध्ये १४४/९०, वडिलांचं १३८/७८. क्लिनिकच्या एका आकड्यावर काही ठरवू नका. दंडावर बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-तंबाखू आणि गोळ्यांच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, बाहीवरून नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, संध्याकाळी पुन्हा तसंच. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी घेऊन डॉक्टरांकडे जा. दंड जाड असेल आणि पट्टा लहान पडत असेल तर बीपी खोटं जास्त दिसतं, आणि पाय लोंबकळत, गप्पा मारत मोजलं तरी तेच.

वडिलांसाठी यात एक भर आहे. लांबलेल्या डायबेटिसमध्ये नसा कमजोर होतात आणि उभं राहताना बीपी पडतं. म्हणून बसून मोजल्यावर त्यांना उभं करा आणि एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने पडत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी वाढवण्याच्या आधी. नाहीतर बसलेलं १३८ पाहून मात्रा वाढते आणि माणूस पहाटे बाथरूमला उठताना पडतो. खालचा आकडा ६० च्याही खाली ढकलू नये. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत भरतात.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीची गोळी सुरू केली किंवा वाढवली की एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन मूळच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, घाबरून गोळी बंद करायची नसते. पोटॅशियम ५.५ च्या वर मात्र नको. याच गोळ्यांवर असताना बीपीसाठी चांगलं म्हणून ‘लो-सोडियम’ मीठ आणणारे घरोघरी आहेत. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. किडनी थोडी कमी असलेल्याला त्या मिठाने पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. सैंधव हा उपाय नाही, तेही सोडियमच.

वडिलांचं क्रिएटिनिन १.२ म्हणजे लॅबच्या हिशेबाने नॉर्मल. वय ६१ धरून किडनीची क्षमता काढली तर ६८ च्या आसपास येते, म्हणजे थोडी उतरलेली. सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीत प्रथिन किती जातंय ते) तुमच्या कागदांत कुठेच नाही. ते ३० च्या वर असेल तर हृदयाचा धोकाही वाढलेला असतो. तपासणी साधी लघवीची आहे आणि तीच सर्वांत जास्त राहून जाते.

आता साखर. इथे दोघांचे रस्ते खरोखर वेगळे होतात.

वडिलांचं एचबीए१सी ८.१, लक्ष्य सातच्या आसपास. साडेसहाच्या खाली हट्टाने नेऊ नका. अमेरिकेतल्या अकॉर्ड चाचणीत हृदयाचा धोका असलेल्या डायबेटिसच्या रुग्णांना सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि २००८ मध्ये तो भाग वेळेआधी थांबवावा लागला. म्हणून आता प्रश्न ‘साखर किती’ इतकाच ‘कशाने खाली आणली’ हाही असतो. वडील ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनवर आहेत. ग्लिमेपिराइड साखर छान उतरवते, पण जेवण चुकलं की ती फारच खाली जाते, वजन वाढतं आणि हृदयाला स्वतंत्र फायदा दिसलेला नाही. त्यांना मेटोप्रोलॉल ही ठोके मंद करणारी, बीटा-ब्लॉकर जातीची गोळीही चालू आहे. बीटा-ब्लॉकरमुळे साखर पडल्याची धडधड आणि थरथर दबते. घाम मात्र येतो. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवा : वडील अचानक घामाघूम झाले तर ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. साखर नॉर्मल असेल तर तो घाम हृदयाचा समजून चालायचं.

पुढच्या भेटीला विचारायचा मुख्य प्रश्न हा : एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन यांपैकी काही आणता येईल का, आणि त्याबरोबर ग्लिमेपिराइड कमी करता येईल का? हृदयविकार असलेल्या डायबेटिसच्या रुग्णांत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१५ मध्ये दिसलं, आणि किडनीलाही ही औषधं राखतात. यांनी साखर लघवीवाटे बाहेर जाते, म्हणून लघवीच्या जागेची स्वच्छता पाळावी लागते. खाज किंवा पांढरा थर आला तर लाजू नये, बुरशीवरचं साधं मलम पुरतं. उलट्या-जुलाब, ताप, निर्जळी उपवास अशा दिवशी ही गोळी थांबवायची, आणि ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधीही. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लं साठण्याचा धोका असतो. वजन जास्त असेल तर सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड या गटाचा विचार होतो. पायोग्लिटाझोन स्वस्त आहे म्हणून कुणी सुचवलं तर इको आधी दाखवा. हार्ट फेल्युअर असेल तर ती चालत नाही.

काकांना ‘शुगर नाही’ असं म्हणायला माझी तयारी नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस. ते १०८ वर आहेत. स्वीडनमध्ये डायबेटिसचं निदान नसलेल्या हार्ट ॲटॅकच्या रुग्णांना ग्लुकोज पाजून तपासलं (२००२), तेव्हा जवळपास दोनतृतीयांश लोकांत काही ना काही बिघाड निघाला. म्हणून एचबीए१सी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर, दोन्ही करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ किंवा दोन तासांची साखर १४० ते १९९ आली तर काठावर, ६.५ किंवा २०० आणि त्यावर गेली तर डायबेटिस, दुसऱ्यांदा पडताळून. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सीवर पूर्ण विसंबू नका. लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येतो. काठावर निघाले तर चालणं आणि वजन हाच पहिला उपचार, आणि तपासणी दरवर्षी. डायबेटिस नसलेल्याला एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी फक्त स्टेंट आहे म्हणून देत नाहीत. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा आजार असेल तर देतात.

इथवरचं एकत्र ठेवतो. काका : स्टॅटिन रोज, पाकिटावरची मात्रा पडताळणे, एझेटिमाइबबद्दल विचारणे, आठवड्याचं बीपी, साखरेची नीट तपासणी. वडील : नॉन-एचडीएल १२८ चं काय करायचं, लघवीचं अल्ब्युमिन, उभं राहून बीपी, आणि ग्लिमेपिराइडच्या जागी हृदयाला राखणारं औषध.

तंबाखूबद्दल काकांना कुणी ठामपणे बोललेलं दिसत नाही. ओढत नाही, फक्त मळून खातो, म्हणून हृदयाला काही नाही असा समज आपल्याकडे पक्का आहे. चघळलेल्या तंबाखूतलं निकोटिनही बीपी आणि ठोके वाढवतं, आणि चघळणाऱ्यांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण जास्तच आढळलंय. मिश्रीही यातच, घरातल्या बायकांनी लावली तरी. ॲटॅकनंतर तंबाखू सुटणं हे कोणत्याही एका गोळीपेक्षा कमी मोलाचं नाही, आणि डायबेटिस असो नसो फायदा तितकाच. १८००-११२-३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतून बोलता येतं. निकोटिन गम घ्यायचा असेल तर तो च्युइंगमसारखा सतत चावायचा नसतो : चार-पाचदा चावून गालात दाबून ठेवायचा, चरचर थांबली की पुन्हा. भराभर चावला तर उचकी लागते, मळमळतं आणि लोक दुसऱ्या दिवशी सोडून देतात.

जेवणाचं पथ्य दोघांना एकत्रच करा, वेगळं शिजवण्याचं कारण नाही. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. मीठ दिवसाला एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, त्यात लोणचं-पापड-फरसाण-चटणी धरून. ताटात वरून मीठ नाही. वनस्पती तूप आणि तेच तेल पुन्हा तापवून तळणं बंद. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी ही दोघांनाही वाईट, वडिलांना जास्तच. त्याऐवजी राजगिरा, थोडी भगर, दही, काकडी. काका गुळाचा चहा घेतात तो साखरेइतकाच. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. वडिलांनी बूट-मोज्यांत चालावं आणि रात्री तळपाय बघावेत, कारण नसा बधिर असल्या तर फोड कळत नाही. ग्लिमेपिराइड चालू आहे तोवर खिशात ग्लुकोज हवा.

दोघांचंही ॲस्पिरिन ७५ आयुष्यभर. वडिलांच्या ॲटॅकला आठच महिने झालेत, त्यामुळे दुसरी रक्त पातळ करणारी गोळी वर्ष होईपर्यंत दात काढण्यासाठीसुद्धा आपल्या मनाने थांबवायची नाही. डेंटिस्टला कार्डिओलॉजिस्टशी बोलायला सांगा. पित्तासाठी ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल, कारण ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन केमिस्टकडून आणू नका : हृदय, किडनी, पोट तिन्हीला त्रास. पॅरासिटामॉल चालेल.

शेवटचा मुद्दा वडिलांचा. डायबेटिसमध्ये छातीत दुखल्याशिवायही ॲटॅक येतो. अचानक दम लागणं, गार घाम, मळमळ, ‘गॅस अडकलाय’ असं वाटणं, कारण नसताना गळून जाणं यातलं काहीही दहा मिनिटांहून जास्त टिकलं तर सोडा-जिऱ्याचं पाणी देत बसू नका. काकांना बहुधा छातीत नेहमीसारखं दाबल्यासारखं होईल, तेही तितकंच गंभीर. बसवून, वरचं बीपी शंभराच्या वर असेल तर सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ५ मिग्रॅ जिभेखाली. उभ्याने घेतली तर भोवळ येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत आराम नाही तर १०८ ला फोन, दुचाकीवर मागे बसवून नेणं नाही. लैंगिक ताकदीसाठी घेतात ती सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेट देऊ नका, बीपी कोसळतं. ही गोळी घेत असल्याचं पुरुष घरात सांगत नाहीत. दोघांनाही एकेकट्याने विचारा, आणि कॅज्युअल्टीत गेल्यावर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगायला सांगा.